मधली तीनशे चाळीस पावलं

रेल्वेच्या फलाटापासून बसच्या थांब्यापर्यंत तीनशे चाळीस पावलं आहेत. मी ती अकरा वेळा मोजली आहेत, दिवसा, रात्री, पावसात, हातात सामान घेऊनही. आधी बेचाळीस पायऱ्यांचा पादचारी पूल चढायचा आणि तेवढ्याच उतरायच्या. मग गाड्या उभ्या करायचं मोठं मैदान लागतं. त्यातून चालायला आखलेली वाट नाही, म्हणून माणसं उभ्या गाड्यांच्या फटींतून, आरसे चुकवत, आडवी होऊन पुढे सरकतात. शेवटी एक सिग्नल. तो चालणाऱ्याला इतका कमी वेळ देतो की म्हातारं माणूस दुभाजकावरच अडकतं. हे सगळं पार करायला मला पाच मिनिटं लागतात, मांडीवरून नुकतंच उतरलेलं मूल बरोबर असेल तर आठ.

रात्री ९ वाजून १६ मिनिटांनी गाडी फलाटाला लागते. बस ९ वाजून १४ मिनिटांनी सुटलेली असते. पुढची ९ वाजून ५४ मिनिटांनी.

एका रात्री मी वहीत आकडे लिहीत उभी होते, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, काय मोजताय? त्या रुग्णालयात परिचारिका होत्या, दुपारपाळी संपवून निघालेल्या. मी म्हटलं, पावलं. त्या म्हणाल्या, "पावलं सोपी आहेत हो. बस गेल्यानंतरची चाळीस मिनिटं कुठे लिहिणार?"

माझ्याकडे तेव्हा त्याचं उत्तर नव्हतं. आमच्या प्रवास-सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता.

मोटारीवाचून पान हलत नाही अशा शहरांत रेल्वे, बस, सायकल आणि पायी चालणं एकमेकांना कसं जोडता येईल, हा माझ्या अभ्यासाचा विषय. या विषयाला नाव मोठं आहे, शाश्वत बहुपर्यायी वाहतूक. हे नाव अर्जात आणि अहवालात शोभतं, पण थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा अर्थ एवढाच कळतो की दोनदा गाडी बदलावी लागेल. आणि गाडी बदलणं हाच या सगळ्याचा सांधा आहे. तो निखळला की दोन्ही बाजूंची रेल्वे आणि बस कितीही चांगली असो, प्रवास मोडतो. इतकी वर्षं या विषयात घालवल्यावर मला छातीठोकपणे सांगता येईल अशी हीच एक गोष्ट आहे, आणि ती मी नकाशावरून शिकले नाही.

उलट नकाशाने मला बराच काळ फसवलं. सार्वजनिक वाहतूक किती लोकांच्या आवाक्यात आहे हे काढायची सोपी पद्धत अशी: प्रत्येक थांब्याभोवती चारशे मीटरचं वर्तुळ काढायचं आणि आतली लोकसंख्या मोजायची. मीही काढली. निळ्या वर्तुळांनी शहर भरून गेलं, बघायला फार छान वाटलं. मग एका वर्तुळातल्या वसाहतीत प्रत्यक्ष गेले. थांबा तिथून सरळ रेषेत एकशे ऐंशी मीटरवर होता आणि गच्चीवरून दिसतही होता. पण मध्ये द्रुतगती मार्ग, त्याला लागून कुंपणभिंत, आणि वसाहतीचे सगळे रस्ते आत वळून बंद होणारे. चालत गेले तेव्हा दीड किलोमीटर भरलं, त्यातला निम्मा रस्ता पदपथाशिवायचा. त्या वसाहतीतले साडेसहाशे लोक माझ्या तक्त्यात "सेवा उपलब्ध" या सदरात बसले होते. ती ओळ मी खोडली त्या दिवसापासून वर्तुळं काढणं सोडलं. आता चालायच्या वाटेवरून अंतर मोजते आणि दर चौथ्या वाटेवर स्वतः चालून बघते.

पीटर न्यूमन आणि जेफ्री केनवर्दी या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी १९८९ मध्ये जगभरातल्या शहरांची दाटी आणि माणशी पेट्रोलचा खप शेजारी शेजारी मांडला आणि "मोटार-अवलंबित्व" हा शब्द रुळवला. विरळ शहरांत खप प्रचंड, दाट शहरांत कमी. त्या आलेखावर पुढे पुष्कळ वाद झाले, आणि ते रास्तही होते, कारण उत्पन्न, इंधनाचे दर, शहराचं वय अशी बरीच कारणं त्यात मिसळलेली असतात. मला मात्र त्यातला अवलंबित्व हा शब्द फार नेमका वाटतो. तो माणसाच्या आवडीबद्दल काही बोलत नाही. ज्या शहरात दूध, शाळा, दवाखाना आणि नोकरी चारही दिशांना पाच-पाच किलोमीटरवर टाकलेली असतात, तिथे मोटार घेणाऱ्याला तिची हौस असेलच असं नाही. तिथे मोटार ही दाराच्या उंबरठ्यासारखी असते, ती ओलांडल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही.

आणि आमची मोजण्याची हत्यारं नेमकी हाच भाग झाकतात. घरोघरच्या प्रवास-सर्वेक्षणात एखादी बाई घरून चालत थांब्यावर गेली, बसने स्टेशनला, तिथून रेल्वेने कामावर, तर पुष्कळ ठिकाणी या सगळ्याची नोंद "मुख्य साधन: रेल्वे" एवढीच होते. चालणं गेलं, बस गेली, पूल गेला, थांबणं गेलं. मग अहवालात येतं की या भागात चालणाऱ्यांचं प्रमाण नगण्य आहे, आणि पदपथाचे पैसे दुसरीकडे वळतात. माद्रिदच्या इनेस सांचेस दे मादारियागा यांनी अशाच आणखी एका झाकलेल्या गोष्टीला नाव दिलं, काळजीवाहू प्रवास. मुलाला शाळेत सोडणं, आईला दवाखान्यात नेणं, येताना किराणा आणणं हे फॉर्ममध्ये खरेदी, भेटीगाठी, इतर असं विखरून पडतं. एकत्र मोजलं तर त्याचा ढीग कामावर जाण्याच्या ढिगाच्या जवळ जातो. असा प्रवास बहुतेक बायका करतात. त्यात तीन-चार ठिकाणी थांबावं लागतं, आणि प्रत्येक थांबण्यावर एक सांधा असतो. घर ते कचेरी अशी एकच सरळ रेघ धरून आखलेल्या बससेवेत त्यांना जागाच उरत नाही.

आमच्या गणिताचा मला रागही येत नाही, कारण ते चांगलं असतं तेव्हा फारच चांगलं असतं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली बार्ट ही रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली. ती सुरू होण्याआधी अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी लोकांच्या निवडीचं गणित मांडून भाकीत केलं होतं की कामावर जाणाऱ्यांपैकी ६.३ टक्के लोक तिने जातील. प्रत्यक्षात ६.२ टक्के गेले. अधिकृत अंदाज याच्या दुपटीहून जास्त होता. या कामासाठी मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच गणितातली एक जुनी अडचण विद्यार्थ्यांना लाल बस-निळी बस म्हणून शिकवतात. निम्मे लोक मोटारीने आणि निम्मे लाल बसने जात असतील आणि तुम्ही त्याच मार्गावर तशीच निळी बस आणली, तर साधं सूत्र सांगतं की आता तिघांना एक-एक तृतीयांश. म्हणजे नुसता रंग बदलून मोटारवाले बसमध्ये आले! खरं तर मोटारवाले जागेवरच राहतात आणि बसवाले दोन रंगांत वाटले जातात. यावर पुढे चांगले उपाय निघाले. पण मी हे उदाहरण विसरत नाही ते दुसऱ्या कारणासाठी. हे सगळं गणित माणसाला पर्यायांच्या दुकानात उभं करतं, हे घे नाहीतर ते घे. त्या परिचारिका बाई काही निवडत नव्हत्या. त्या जोडत होत्या, एकाला एक, आणि मधल्या जागी गाडी सुटत होती. आणि ज्या दिवशी त्या कंटाळून जाणंच सोडतील, त्या दिवसाची नोंद कुठल्याच सर्वेक्षणात येणार नाही. न झालेला प्रवास कोणी विचारत नाही.

थांबण्याचं गणित मात्र मला अजून रोज चकित करतं, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. बसमध्ये बसून गेलेलं एक मिनिट आणि थांब्यावर उभं राहून गेलेलं एक मिनिट माणसाला सारखं वाटत नाही. बहुतेक अभ्यासांत थांब्यावरच्या मिनिटाचं ओझं साधारण दुप्पट धरतात. अंधारात, एकटीने, आडोसा नसताना ते आणखी जड होतं, हे सांगायला अभ्यास लागत नाही. आता समजा तासाला सहा बस आहेत. बरोबर दहा-दहा मिनिटांनी आल्या तर कधीही थांब्यावर गेलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल. पण त्याच सहा बस जोडीजोडीने आल्या, वीस मिनिटं काही नाही आणि मग दोन एकामागे एक, तर सरासरी दहा मिनिटं होतात. बस तेवढ्याच, चालक तेवढेच, खर्च तेवढाच, थांबणं दुप्पट. कारण मोठ्या फटीत जास्त माणसं येऊन सापडतात. वरच्या कचेरीतल्या तक्त्यात "तासाला सहा फेऱ्या पूर्ण" असं हिरव्या शाईत लिहिलेलं असतं, आणि थांब्यावर माणसं म्हणत असतात की बस कधीच वेळेवर येत नाही. दोघंही खरं बोलत असतात.

पहिली बस जरा उशिरा धावली की तिच्यासाठी थांब्यावर जास्त माणसं साचतात, ती चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला माणसंच मिळत नाहीत, ती पळत येऊन हिला गाठते. मोटारींच्या कोंडीत अडकणाऱ्या बसचं हे ठरलेलं दुखणं आहे. म्हणून बसला रस्त्यावर स्वतःची मार्गिका हवी असते. तिचा वेग वाढतो हा त्यातला छोटा फायदा. मोठा फायदा हा की तिच्या येण्याचा भरवसा धरता येतो, आणि भरवसा असेल तरच माणूस दोनदा गाडी बदलायला तयार होतो.

मोटारींसाठी रस्ता रुंद करणं आणि बस नीट आखणं, या दोन्ही टोकांचे धडे अमेरिकेतल्या ह्यूस्टन या एकाच शहरात सापडतात. तिथला केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद करून पुरा झाला, काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून २६ मार्गिका. काही वर्षांत गर्दीच्या वेळेचा प्रवास पुन्हा लांबला. त्याच शहराने ऑगस्ट २०१५ मध्ये एका रात्रीत सगळ्या बसमार्गांची नव्याने मांडणी केली. सगळे मार्ग शहराच्या मध्याकडे ओढण्याऐवजी आडव्या-उभ्या जाळ्यात टाकले, आणि मुख्य मार्गांवर आठवडाभर, रविवारीसुद्धा, दर पंधरा मिनिटांनी बस ठेवली. खर्चात फार मोठी वाढ न करता. अशा जाळ्यात बहुतेकांना एकदा बस बदलावी लागते. पण बदलल्यावर पंधरा मिनिटांच्या आत दुसरी मिळणार हे ठाऊक असतं.

इथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आमच्या गोटात ती दबक्या आवाजात बोलली जाते. जिल्स द्युरांतों आणि मॅथ्यू टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दाखवलं की महामार्गाच्या मार्गिका जितक्या वाढतात, साधारण तितक्याच प्रमाणात मोटारींचं धावणंही वाढतं. हा भाग आम्ही आनंदाने सांगतो. त्याच लेखाचा दुसरा भाग असा की सार्वजनिक वाहतूक वाढवल्यानेही मोटारींचं धावणं कमी झालेलं दिसलं नाही. कोणी मोटार सोडून बसमध्ये गेला की रस्त्यावर त्याची रिकामी झालेली जागा दुसरा घेतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते. मग स्टॉकहोमचे आकडे पुन्हा काढून बसले. तिथे ऑगस्ट २००५ मध्ये जादा बस सुरू केल्या. नुसत्या त्याने मोटारी फारशा हटल्या नाहीत. जानेवारी २००६ मध्ये शहराच्या मध्यभागात येण्या-जाण्यावर शुल्क लावलं, आणि सीमेवरची रहदारी साधारण एक पंचमांशाने घटली. जुलैअखेर प्रयोग संपला, सप्टेंबरमध्ये मतदान झालं, ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायमचं झालं. सुरुवातीला विरोधात असलेलं लोकमत अनुभवानंतर वळलं, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. म्हणजे बस वाढवणं वाया गेलं का? माझं मत असं की नाही. बस नसताना शुल्क लावणं म्हणजे माणसाला कोपऱ्यात गाठून दंड करणं झालं असतं. शुल्काने रस्ता मोकळा होतो आणि बसमुळे शहर सगळ्यांसाठी उघडं राहतं.

पार्किंगबद्दलही हेच. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी आयुष्यभर हे दाखवलं की फुकट पार्किंगचे पैसे कोणीतरी भरतच असतं. घरभाड्यातून, वस्तूंच्या किमतीतून, आणि मोटार नसलेला माणूसही ते भरतो. प्रत्येक इमारतीला इतक्या-इतक्या जागा हव्यातच ही अट अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये संपूर्ण शहरासाठी काढून टाकली. माझ्या त्या तीनशे चाळीस पावलांपैकी दोनशे दहा पावलं पार्किंगच्या मैदानातली आहेत. स्टेशनला सगळ्यात जवळची जागा उभ्या मोटारींना मिळाली आणि बस सिग्नलपलीकडे गेली. हे कोणी द्वेषाने केलेलं नाही. कोणत्याही बैठकीत त्यावर निर्णयच झाला नसेल.

विरळ शहरांत रेल्वे आणि बस जमतच नाहीत असं मला सांगितलं जातं तेव्हा मी ऑस्ट्रेलियातल्या पर्थचं नाव घेते. अत्यंत पसरलेलं, मोटारींचं शहर. १९७९ मध्ये तिथली फ्रीमँटलची रेल्वे बंद केली, लोकांच्या रेट्यामुळे १९८३ मध्ये पुन्हा सुरू केली. २००७ मध्ये मँडुराची जवळजवळ सत्तर किलोमीटरची रेल्वे उघडली. तिचा बराच भाग द्रुतगती मार्गाच्या दोन बाजूंच्या मधून जातो. चालत जायला याहून वाईट जागा नाही, स्टेशनाभोवती घरंच नाहीत. म्हणून त्यांनी चालण्यावर भिस्त न ठेवता बस स्टेशनवर आणल्या. काही स्टेशनांत बस थेट फलाटांच्या वरच्या मजल्यावर थांबते आणि खाली उतरलं की गाडी. तिथे सांधा आधी आखला, बाकीचं त्याभोवती बसवलं.

आणि स्वित्झर्लंड. तिथे १९८२ पासून देशभर ठरावीक अंतराने गाड्या सुटतात, दर तासाला त्याच मिनिटाला. पुढे त्यांनी मोठ्या स्टेशनांना गाठी मानलं. तासाच्या ठोक्याच्या जरा आधी सगळ्या दिशांच्या गाड्या येतात, माणसं इकडून तिकडे बदलतात, ठोक्यानंतर सगळ्या सुटतात. हे जमायचं तर दोन गाठींमधला प्रवास तासाहून थोडा कमी हवा. झ्युरिक ते बर्न त्याहून जास्त लागत होता. म्हणून २००४ मध्ये नवा मार्ग काढून तो छप्पन्न मिनिटांवर आणला आणि तिथेच थांबले. चाळीसवर आणला असता तर फक्त बातमी झाली असती, माणूस तरी पुढच्या गाडीसाठी स्टेशनवर बसूनच राहिला असता. मार्ग किती वेगवान बांधायचा हे आधी वेळापत्रकाने ठरवलं. मी हे वाचलं तेव्हा माझ्या विषयात इतकं सुंदर काही असू शकतं यावर विश्वास बसेना.

सायकलींबद्दल थोडक्यात. नेदरलँड्समध्ये रेल्वेच्या प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे स्टेशनवर सायकलने येतात, आणि उट्रेख्टच्या स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली ठेवायची जागा आहे. पाय आणि बस यांच्यामधली दोन-तीन किलोमीटरची फट सायकल भरते. ती ठेवायला सुरक्षित जागा असेल तरच. अॅपबद्दल याहूनही थोडक्यात. एका पडद्यावर सगळी तिकिटं आणणं उपयोगाचं आहे, पण सुटलेली बस अॅप परत आणत नाही.

त्या परिचारिका बाईंना मी त्याच रात्री आमच्या सर्वेक्षणात यायची विनंती केली होती. आम्ही तीच घरं दरवर्षी पुन्हा गाठतो. त्या तयार झाल्या. पहिल्या वर्षी त्यांच्या फॉर्मवर घरातल्या मोटारींच्या रकान्यात ० होता. दुसऱ्या वर्षी १ झाला. संगणकाच्या दृष्टीने ही अगदी सरळ गोष्ट होती, उत्पन्न जरा वाढलं आणि कुटुंबाने मोटार पसंत केली. मी फोन केला. त्यांनी हप्ता सांगितला. तो त्यांच्या पगाराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त होता. धाकटीला ताप होता, बस नेहमीसारखीच गेलेली होती, चाळीस मिनिटं उभं राहिल्यावर ठरवलं, असं त्या म्हणाल्या. आता घरी यायला चौदा मिनिटं लागतात. त्यांनी हे सगळं माझी समजूत घालावी अशा आवाजात सांगितलं, जणू माझं काही नुकसान झालं असावं.

त्यानंतर आम्ही फॉर्ममध्ये तीन प्रश्न वाढवले. प्रत्येक टप्पा वेगळा लिहा. प्रत्येक सांध्यावर किती मिनिटं थांबलात ते लिहा. आणि गेल्या आठवड्यात कुठे जायचं होतं पण गेला नाहीत? या तिसऱ्या प्रश्नाला लोक आधी बुचकळ्यात पडतात, मग कागद पुरत नाही.

९ वाजून १४ मिनिटांची बस ९ वाजून २४ मिनिटांनी सोडावी, असं मी लिहून दिलं आहे. दहा मिनिटं ही मागणी छोटी वाटते. वेळापत्रक बघणाऱ्या गृहस्थांनी मला समोर बसवून कागदावर दाखवलं की तीच बस दुसऱ्या टोकाला पोचून परत फिरते, चालकाची विश्रांती मध्ये येते, आणि दहा मिनिटं सरकली तर तिकडच्या शेवटच्या लोकलशी तिची गाठ तुटते. ते बरोबर बोलत होते. इकडचा सांधा जुळवताना तिकडचा निखळतो, आणि तिकडे रात्री कोण उतरतं, किती जण, त्यांना पुढे कुठे जायचं असतं, हे कोणीच मोजलेलं नाही. उद्या रात्री मी वही घेऊन त्या टोकाला जाणार आहे. लोकल १० वाजून ३१ मिनिटांनी येते असं त्यांनी सांगितलं.